बाराव्या प्रकरणाची शेवटची सात वाक्यं

मालक जिना चढून वर आले तेव्हा धाकटी एका पँटची शिवण उसवत बसली होती आणि तिची ताई खिडकीशी, एका नर्सबाईंच्या दुसऱ्या कादंबरीच्या हस्तलिखितात मान घालून. जिन्याला सत्तावीस पायऱ्या. मालक दर पाच-सहा पायऱ्यांना थांबून खोकत होते. तो खोकला ताईने तेरा वर्षांनी ऐकला आणि तिची पेन्सिल होती तिथे थांबली.

"कोण गं?" धाकटीने दोऱ्याचं टोक दातांत धरून विचारलं.

"मालक."

"कुठले मालक? तो? तो थेरडा?" धाकटीने दोरा कटकन तोडला. "येऊ दे. कात्री हातातच आहे."

मालक आले. मागून त्यांची सून, छातीशी कागदांचा गठ्ठा धरून, लहान लेकरू धरावं तसा. मालकांनी खोलीभर नजर फिरवली. शिलाई मशीन, टांगलेले कोट, त्यांच्या पलीकडे भिंतभर चिकटवलेले कागद. मग गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या खुर्चीत बसले आणि तेरा वर्षं मध्ये गेलीच नाहीत अशा थाटात म्हणाले, "काय रंधा, ओळखलंस का?"

रंधा हे तिचं त्यांच्या प्रकाशनातलं नाव. अठरा वर्षं तिने तिथे लेखकांची हस्तलिखितं सुताराच्या रंध्यासारखी तासली. एकही कुसळ राहू द्यायची नाही, म्हणून बाइंडिंगच्या पोरांनी ठेवलेलं नाव. पुढे लेखकही त्याच नावाने चिठ्ठ्या पाठवू लागले. आणि मग एके सकाळी, दहा माणसांसमोर, मालकांनी तिला डबा उचलून चालू लागायला सांगितलं.

झालं होतं असं. गावातल्या एका बड्या कारखानदाराचं आत्मचरित्र छापायचं होतं. रंधाने प्रूफाच्या समासात नेहमीसारख्या शंका लिहिल्या होत्या. पान एकेचाळीसच्या कडेला तिने लिहिलं होतं, 'साहेब शाळेत पहिले आल्याचं हे तिसऱ्यांदा. खरंच आले होते का, एकदा विचारून घ्या.' ही शंका मजकुराच्या मधोमध, साहेबांच्याच तोंडची असावी तशी, तीन हजार प्रतींत छापून आली. प्रती कारखान्यातल्या कामगारांना वाटल्या गेल्या. दुसऱ्या सकाळी कारखान्याच्या फाटकावर खडूने लिहिलेलं होतं: 'साहेब तिसऱ्यांदा पहिले!'

खापर रंधाच्या डोक्यावर फुटलं. खरं काय ते तिघांना ठाऊक होतं. तिने बजावलं होतं, शेवटचं प्रूफ मला दाखवल्याशिवाय सोडू नका. मालक म्हणाले होते, "तू बाइंडरकडे जा, मी बघतो." आणि बघितलं काय, तर दोनशे बारा पानांवर न वाचता सह्या ठोकल्या आणि ऑपरेटरला सांगितलं, "समासातलं सगळं आत घे आणि दुपारीच मशीनवर चढव." हे ऑपरेटरने तिला नंतर रडत सांगितलं. तो ऑपरेटर आता या जगात नव्हता. मालकांनी तेव्हा गावातल्या झाडून सगळ्या प्रकाशकांना फोन केले, बाईच्या हाती पुस्तक देऊ नका म्हणून. कुणी दिलंही नाही. दोन वर्षं रंधाने या खोलीत धाकटीच्या हाताखाली काजं केली, बटणं लावली.

मग गणवेश सैल करून घ्यायला एक नर्सबाई आल्या. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, वॉर्डातल्या बावीस वर्षांवर कादंबरी लिहिलीय, पण कुणी छापत नाही, स्वतःच छापणार आहे. "बघू," रंधा म्हणाली. ते 'बघू' सहा महिने चाललं. नर्सबाईंच्या कादंबरीत चौथ्या प्रकरणात गेलेला रोगी नवव्या प्रकरणात पाणी मागत होता. रंधाने त्याला नीट मरू दिलं, पहिली चाळीस पानं काढली आणि एकच प्रश्न विचारला, "तुमची नायिका घरी गेल्यावर आधी काय करते?" नर्सबाईंनी त्यावर जे लिहिलं, त्याने पुस्तक उभं राहिलं. तिथून लोक येत गेले. सहाशे पानं घेऊन आलेले बँकेतले निवृत्त साहेब, ज्यांना तिने सांगितलं, हे एक पुस्तक नाही, दीड आहे, अर्धं घरी ठेवा. जमीन मोजणारे एक गृहस्थ, ज्यांची नायिका चौदा महिने गरोदर होती. रंधा कुणाच्या पुस्तकात स्वतःचं एक वाक्य घालत नसे. काढायची, हलवायची आणि विचारायची. अंगाला बसेपर्यंत विचारायची. आणि प्रत्येक पुस्तकासाठी भिंतीवर एक तक्ता लावायची: कोण, कुठल्या दिवशी, कुठे होतं. लेखकाला स्वतःला आठवत नसे ते तो तक्ता आठवून ठेवायचा.

"आत्मचरित्र लिहिलंय," मालक म्हणाले. "माझंच."

"मग तुमच्याच प्रकाशनातून काढा की," धाकटी मशीनवरून म्हणाली.

सून ताईकडे वळून हळूच म्हणाली, "प्रकाशन बंद होऊन पाच वर्षं झाली, मावशी. बाबांनी बाकीच्यांना विचारलं, ते सगळे बघतो म्हणतात. आता आम्ही घरूनच काढणार आहोत. मी वाचलं, पण..." तिने सासऱ्याकडे पाहिलं. "दहाव्या पानावर डोळा लागला माझा. नर्सबाईंच्या पुस्तकात तुमचं नाव पाहिलं आणि बाबांना म्हटलं, ह्याच पाहिजेत."

"मी म्हटलं, अगं, ही तर आपली रंधा!" मालक हसले. "घरचीच. झालं गेलं विसरून जाईल."

रंधाने गठ्ठा ठेवून घेतला. "आधी वाचते. मग सांगते."

ती गोड आवाजात बोलली तेव्हाच धाकटीने ओळखलं की आता कुणाची तरी धडगत नाही.

रंधा कुठलंही पुस्तक पहिल्यांदा पेन्सिल न घेता वाचते. तसंच वाचलं. बारावं प्रकरण आलं. त्याचं नाव 'एका रंध्याची गंमत'. त्यात मालक तापाने आडवे, बाई बेफिकीर, प्रूफात आपल्या टवाळ्या तशाच सोडून घरी गेलेली, मालकांनी मोठ्या मनाने चार शब्द सांगून तिला निरोप दिलेला. नऊ पानं. शेवटी लिहिलं होतं, 'आजही ती भेटली की आम्ही दोघं या गोष्टीवर पोट धरून हसतो.'

तिने पानं धाकटीपुढे टाकली. धाकटीने वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"ताई, याला माहीत नाही तू हे वाचणार ते?"

"माहीत आहे. म्हणून तर दिलंय. तेरा वर्षं त्याने ही गोष्ट इतक्यांदा सांगितलीय की त्याला ती खरीच वाटते."

"फेकून दे तोंडावर."

"फेकलं तर दुसरीकडे छापेल. एकदा छापलं की तेच खरं. मी मेल्यावरही तेच खरं."

"मग?"

"मग काय, चांगलं काम करायचं," रंधा म्हणाली आणि पेन्सिलीला टोक काढायला बसली.

तिने पहिल्या अकरा प्रकरणांवर जीव ओतला. आयुष्यात कुठल्या पुस्तकावर केलं नसेल असं काम केलं. बापाची वंशावळ उडवली. सत्कारांची यादी उडवली. जुन्या मशीनचं वर्णन पान तीसवरून पहिल्या पानावर आणलं, कारण तिथे शाईचा वास होता. आणि समासात विचारलं, 'पहिल्या पाचशे प्रती कुणी शिवल्या?' मालकांनी त्यावर चार दिवस घेतले. मग लिहून पाठवलं: बायकोने, स्वयंपाकघरात जमिनीवर बसून, पोटात सातवा महिना असताना, आणि त्या पुस्तकाच्या प्रकाशनाला तिला न्यायचं राहूनच गेलं. दीड पान. रंधाने त्यातला एक शब्दही हलवला नाही.

त्या दिवशी मालकांचा फोन आला. आवाज ओला होता. "रंधा, हे मी लिहिलंय? हे माझ्यात होतं?"

"होतं की. विचारलं नव्हतं कुणी."

"आता तुझ्याशिवाय माझं पान हलत नाही बघ."

"तेच हवंय," फोन ठेवल्यावर ती म्हणाली. धाकटी म्हणाली, "तू ना, दिसतेस तेवढी साधी नाहीस." पण रंधाला आतून राग येत होता. थेरड्याचं पुस्तक खरंच चांगलं होत चाललं होतं.

अकरा प्रकरणं पोचती झाली. बारावं गेलं तेव्हा त्यात एकही खाडाखोड नव्हती. फक्त एकोणीस प्रश्न होते. प्रूफ कुठल्या वारी गेलं? सह्या कुणाच्या? बाई त्या वेळी कुठे होती, तिला तिथे कुणी धाडलं? निरोप दिला तेव्हा खोलीत किती माणसं होती? नेमके कुठले चार शब्द?

मालक तिसऱ्या दिवशी जिना न थांबता चढले. खोकल्याने काळेनिळे झाले होते.

"हे काय आहे? मला कोर्टात उभं करतेस?"

"वाचणाऱ्याला दिसायला नको का, मालक? नुसतं 'गंमत झाली' म्हणून कसं दिसेल?"

"पुस्तक माझं आहे!"

"आहेच. हे घ्या." तिने तेरापासून पुढचा गठ्ठा, बांधलेला, त्यांच्या मांडीवर ठेवला. "दुसरीकडून करून घ्या. बारावं लिहून झाल्याशिवाय मी तेराव्याला हात लावत नाही. माझी पद्धतच आहे, नर्सबाईंना विचारा."

धाकटीने पाणी दिलं. मालक न पिताच उतरले. "गेला," धाकटी म्हणाली. "जाऊ दे. बरं झालं."

"येईल. तेरावं स्वतःच तासून बघेल आणि येईल."

तीन आठवडे लागले. या खेपेला कागद घेऊन सून एकटीच आली. "मावशी, तेरावं वाचवत नाही हो. अकरा प्रकरणांनंतर ते वाचलं की लिफ्ट बंद पडून मधेच अडकल्यासारखं होतं. बाबांनी बारावं पुन्हा लिहिलंय."

पहिला मसुदा: प्रूफ कसं सुटलं ते कुणालाच कळलं नाही. रंधाने परत पाठवला, तिथे लिहिलं, 'सुटलं की सोडलं?' दुसरा: ऑपरेटरची चूक. परत; 'मशीनवर चढव, असं ऑपरेटरला कोण म्हणालं? मेलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही, म्हणून तुम्हाला विचारते.' तिसऱ्यात मालक पुन्हा तापाने फणफणलेले, अंथरुणाला खिळलेले, सह्या कुणी ठोकल्या देव जाणे.

तो तिसरा वाचून रंधा उठली आणि भिंतीवरच्या तक्त्यापाशी गेली. तक्त्यात मालकांची ऐंशी वर्षं चौकटीचौकटींत मांडलेली होती. प्रूफ छापायला गेलं तो बुधवार. त्याच चौकटीत, तिच्याच बारीक अक्षरात, अकराव्या प्रकरणातून उतरवून घेतलेली दुसरी नोंद होती: कारखानदारांचा साठावा वाढदिवस, बागेत जेवण, मालक संध्याकाळपर्यंत पत्ते खेळले, सगळे डाव जिंकले. अकराव्या प्रकरणात मालकांनी हे मोठ्या ऐटीत, हातात आलेल्या पानांसकट लिहिलं होतं.

ती इतकी हसली की धाकटीची सुई बोटात गेली.

"काय गं?"

"ताप आलेला माणूस पत्ते खेळत होता! ये, बघ ये!"

समासात तिने फक्त एवढंच लिहिलं: 'ताप किती होता? पान १८८ पाहावं.'

यानंतर मालकांचा फोन आला नाही, कागद आला नाही, सूनही आली नाही. रंधा जिन्याकडे कान लावून बसू लागली. त्यांनी तसंच छापलं तर? दुसऱ्या कुणाकडून पत्त्यांचा डाव गाळून घेतला तर? नर्सबाईंच्या कादंबरीत तिचं लक्ष लागेना. धाकटीने तिच्यापुढे एक कोट टाकला, "अस्तर उसव, हात तरी चालू दे." तिने उसवलं.

अठराव्या दिवशी चौथा मसुदा आला. हाताने लिहिलेला, अक्षर वाकडंतिकडं.

त्यात सगळं होतं. बुधवार होता. बागेत जायची घाई होती. दोनशे बारा सह्या, एकही पान न वाचता. बाईला मुद्दाम गावाच्या दुसऱ्या टोकाला धाडलेलं, कारण ती असती तर वाचायला लावलं असतं. फाटकावरचा खडू. आणि सोमवारची सकाळ: 'खोलीत दहा जण होते. मी म्हणालो, तुझ्यासारखी बाई ठेवली हेच माझं चुकलं. ती काही बोलली नाही. तिला खरं माहीत आहे हे मला माहीत होतं. तिने डबा उचलला. मी खिडकीतून तिला रस्ता ओलांडताना पाहिलं. मग खाली बसलो आणि दुसऱ्या पुस्तकाच्या प्रूफावर सह्या करू लागलो.'

रंधाने ते दोनदा वाचलं. तेरा वर्षं जे तिच्या एकटीच्या डोक्यात होतं ते त्याच्या अक्षरात समोर होतं. रस्ता ओलांडताना तो पाहत होता, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

धाकटीने वाचून पदराने नाक पुसलं. "झालं ना मनासारखं?"

"थांब. अजून आहे."

पुढच्या पानावर सात वाक्यं होती. 'इतका मोठा प्रकाशक आपली चूक अशी चारचौघांत कबूल करतो, हे किती जणांना जमेल? मनाचा मोठेपणा लागतो. माझ्या आईचे संस्कार. त्या बाईचंही पुढे भलंच झालं. नोकरी गेली नसती तर ती आज स्वतःच्या पायांवर उभी राहिली असती का? एका अर्थाने मीच तिला घडवलं. तिनेही माझे उपकार मनोमन मानले आहेत.'

धाकटी मशीनवर जाऊन बसली.

रंधाला पुस्तकाचा देह कळायचा. ही सात वाक्यं काढली की प्रकरण त्या सह्यांवर संपत होतं, आणि तसं संपलं की मालक तरत होते. वाचणारे हळहळले असते. म्हणाले असते, काय माणूस आहे, स्वतःला सोडलं नाही. तिच्यावरचा डाग गेला असता, आणि मालकांना मिळाली असती माया. तिच्याच पेन्सिलीने मिळाली असती. प्रत्येक लेखकाला ती हेच सांगत आली होती: सांगून झाल्यावर टाळ्या घ्यायला पुन्हा बाहेर येऊ नका. नर्सबाईंची अशी पानंच्या पानं तिने बिनदिक्कत उडवली होती. बँकेतल्या साहेबांची उडवली तेव्हा ते महिनाभर बोलत नव्हते, मग पेढ्याच्या दुकानात नेऊ लागले.

"काढ की," धाकटी म्हणाली. "वाचून मळमळतंय."

"तुला मळमळतंय ना?"

"मग? कुणालाही मळमळेल."

"असं," रंधा म्हणाली. आणि पेन्सिल कानामागे खोचली.

धाकटीने मशीन थांबवलं. बहिणीकडे पाहिलं. मग त्या पानाकडे. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "तू तर कात्रीपेक्षा वाईट."

तेरावं, चौदावं, पंधरावं रंधाने झरझर केलं आणि उत्तम केलं. शेवटचं प्रूफ घेऊन सून आली तेव्हा तिने बाराव्या प्रकरणाचं शेवटचं पान दुमडून ठेवलेलं होतं.

"मावशी, मला यातलं फारसं कळत नाही," ती म्हणाली, "पण ही सात वाक्यं खटकतात. ती बाई तुम्हीच ना? मग तुम्हाला कसं चालतं? मी बाबांना म्हटलं, काढून टाका. तर म्हणाले, रंधाने हात लावला नाही म्हणजे बावनकशी सोनं असणार. अठरा वर्षांत तिने माझ्यासमोर एक फालतू ओळ राहू दिली नाही."

पोरगी गुणी होती. प्रूफ घेऊन सत्तावीस पायऱ्या चढून आली होती, तिच्या सासऱ्याने कधी कुणासाठी चढल्या नसतील इतक्या सरळ मनाने. रंधाच्या जिभेवर आलंही होतं, काढ बाई, काढून टाक. तिने पान हातात घेतलं. 'एका अर्थाने मीच तिला घडवलं.' तिने ते वाक्य पुन्हा वाचलं.

"असं म्हणाले?"

"हो. तुमच्यावर डोळे मिटून विश्वास आहे त्यांचा."

"मग राहू दे," रंधा म्हणाली. "चहा घेशील?"

पुस्तकाचं प्रकाशन वाचनालयाच्या वरच्या सभागृहात झालं. दीडशे खुर्च्या, भरलेल्या. जुने प्रकाशक होते, ज्यांना मालकांनी तेव्हा फोन केले होते ते सगळे. बाइंडिंगची पोरं आता पोक्त होऊन आली होती. नर्सबाई होत्या. रंधा आणि धाकटी मागच्या रांगेत, दाराशी. मालकांनी नवा कोट घातला होता. खांद्यात सैल होता, ते धाकटीने लगेच सांगितलं.

मालकांनी वाचायला बारावं प्रकरण निवडलं. आवाज अजून चांगला होता. बुधवार आला, बाग आली, सह्या आल्या. सभागृहात कुणी खोकेना. मागे वळून वळून लोक रंधाकडे पाहू लागले. ज्या प्रकाशकाने तिला दारातूनच परत पाठवलं होतं, त्याने मान खाली घातली. डबा उचलला, रस्ता ओलांडला, आणि पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. मालक थांबले. सगळं सभागृह त्यांचं झालं होतं.

त्यांनी पान उलटलं.

"इतका मोठा प्रकाशक आपली चूक अशी चारचौघांत कबूल करतो, हे किती जणांना जमेल?"

कुठेतरी एक खुर्ची करकरली.

"मनाचा मोठेपणा लागतो."

म्हाताऱ्या बाईंनी रुमाल खाली घेतला. बाइंडिंगच्या जुन्या पोरांपैकी कुणीतरी नाकातून हसलं आणि शेजाऱ्याने त्याला कोपर मारलं. मग तो शेजारीही हसला.

"माझ्या आईचे..." मालकांचा आवाज अडकला. पन्नास वर्षं पुस्तकं छापलेला माणूस. हाताखालून गेलेलं न वाचण्यात आयुष्य गेलं, पण स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर न कळण्याइतका बावळट नव्हता. त्यांनी खालच्या ओळींवर नजर टाकली. मग मान वर केली आणि दीडशे डोक्यांवरून थेट दाराकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला होता. तू पाहिलं होतंस, असं तो चेहरा म्हणत होता. तुला कळलं होतं. तू राहू दिलंस.

सून उठून त्यांच्याकडे जाऊ लागली. पुढचे लोक वळून दाराकडे पाहू लागले.

रंधा हलली नाही. तिने फक्त हनुवटी जराशी वर केली, वर्गात अडखळलेल्या पोराला बाई करतात तशी: हं, चालू द्या.

आणि मालकांना वाचावं लागलं. संस्कार, भलं झालं, पायांवर उभी, मीच घडवलं, उपकार. एकेक वाक्य, शेवटपर्यंत.